निळी टिक आणि मैत्रीचा हिशेब

‘त्याने माझा मेसेज वाचला, पण उत्तर दिलं नाही.’ कॉलेजातल्या मुलामुलींची कितीतरी भांडणं आज या एका वाक्यावरून सुरू होतात. वीस वर्षांपूर्वी ही तक्रार करणं कठीणच होतं. घरच्या फोनवर निरोप ठेवला आणि मित्राचा फोन आला नाही, तर ‘आई सांगायला विसरली असेल’ असं समजून आपण गप्प बसायचो. नक्की काय झालं ते कळत नसे, म्हणून मित्राला सांभाळून घेतलं जायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका आल्या नोव्हेंबर २०१४ मध्ये. मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून त्यांचा अर्थ सोप्या शब्दांत सांगतो. एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनमधून निघाला. दोन करड्या म्हणजे तो समोरच्याच्या फोनवर पोचला. दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे त्याने ते चॅट उघडलं. बस, एवढंच. तो तेव्हा गर्दीच्या बसमध्ये उभा होता का, घरी कुणी आजारी होतं का, तुमचा प्रश्न वाचून तो विचारात पडला होता का, यातलं काहीही त्या टिकेला ठाऊक नसतं. तरीही आपण तिच्यावरून माणसाच्या मनाचा निकाल लावून मोकळे होतो.

आमच्या बडोद्यात गणेशोत्सवातल्या एकांकिकेच्या तालमीत हे जवळून पाहायला मिळालं. अकरावीपासूनच्या दोन मैत्रिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. एकीने रात्री ‘बोलायचं आहे’ असा मेसेज टाकला होता. दुसरीने तो उघडला, आणि तेवढ्यात आजोबांना बरं वाटेना म्हणून घरात धावपळ झाली. उत्तर राहून गेलं. सकाळी पहिलीने नाव न घेता स्टेटसवर एक टोमणा टाकला. जिला लागायचा तिला तो लागलाच, पण बाकीच्या दहा जणांनाही कळला. मग दुसरीला वगळून तालमीचा एक वेगळा ग्रुप निघाला. तीन दिवस दोघी रोज संध्याकाळी दहा फुटांवर उभ्या राहून संवाद म्हणत होत्या, पण नाटकाबाहेर एक शब्द नाही. चौथ्या दिवशी तालीम घेणाऱ्या काकूंनी दोघींना मिळून चहा आणायला पाठवलं. त्या परत आल्या तेव्हा चहा गार झाला होता, दोघींचे डोळे लाल होते आणि भांडण मिटलं होतं.

स्टेटसने जे तीन दिवस वाढवलं, ते चहाच्या एका फेरीत मिटलं. कारण साधं आहे. समोर माणूस असला की त्याचा उतरलेला चेहरा दिसतो, आवाज भरून आलेला कळतो. लिहिलेल्या ‘ठीक आहे’मध्ये राग आहे की थकवा, हे मात्र वाचणारा आपल्या त्या वेळच्या मनःस्थितीप्रमाणे ठरवतो. शिवाय दोघांतलं भांडण स्टेटसवर गेलं की त्याला प्रेक्षक मिळतात, आणि प्रेक्षकांसमोर माघार घेणं कुणालाही जड जातं.

स्नॅपचॅटवरच्या ‘स्ट्रीक’ची गोष्टही अशीच. दोघांनी चोवीस तासांच्या आत एकमेकांना फोटो किंवा व्हिडिओ पाठवला तरच रोजचा आकडा वाढतो. वेळ संपत आली की नावापुढे वाळूचं घड्याळ दिसू लागतं. मग परीक्षेच्या आदल्या रात्रीही मुलं भिंतीचा नाहीतर पंख्याचा फोटो काढून पाठवतात. पाठवणाऱ्याला काही सांगायचं नसतं, बघणाऱ्याला काही बघायचं नसतं, पण आकडा तुटता कामा नये! हे आपोआप घडत नाही. यातली बहुतेक अ‍ॅप्स आपल्याला फुकट मिळतात आणि कंपन्यांची मुख्य कमाई जाहिरातींतून होते. आपण जितक्या वेळा फोन उघडू, तितकं त्यांचं भलं. म्हणून मोजता येईल ते सगळं मोजून आपल्यासमोर ठेवलं जातं. मैत्रीत जे मोजता येत नाही, ते त्या पडद्यावर दिसतच नाही.

माझ्या पिढीने कॉलेजात ऑर्कुट वापरलं. तिथेही मित्रांची संख्या मिरवली जायचीच. पण त्यासाठी सायबर कॅफेत जावं लागे, तासाचे पैसे मोजावे लागत, आणि वेळ संपली की उठून घरी यावं लागे. आज ते कॅफे आपल्या खिशात आहे आणि त्याला बंद होण्याची वेळ नाही.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात मांडलं की माणूस साधारण १५० जणांशी खरी ओळख टिकवू शकतो, आणि त्यातली अगदी जिवाभावाची माणसं जेमतेम पाच असतात. हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अनुभव हेच सांगतो. वाढदिवसाला तीनशे शुभेच्छा येतात. रात्री दोन वाजता दवाखान्यात जायची वेळ आली तर फोन लावायला नावं किती सुचतात?

या माध्यमांचे उपकारही आहेत. पुण्याची मावसबहीण, कॅनडातला दादा, शाळेतले पांगलेले मित्र यांच्याशी धागा टिकला तो त्यांच्यामुळेच. वर्गात तोंड न उघडणारी मुलंही इथे मोकळी होतात. पण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या घरांत आणखी एक गोष्ट पणाला लागली आहे. आपली मुलं मित्रांशी गुजरातीत बोलतात, कॉलेजात इंग्रजीत. मराठी उरते ती घरातल्या बोलण्यापुरती, विशेषतः आजी-आजोबांशी. आजी फॅमिली ग्रुपवर ‘जेवलास का रे?’ म्हणून विचारते आणि नातू अंगठ्याचं चित्र पाठवतो. आपल्या भाषेत ‘अंगठा दाखवणं’ कशाला म्हणतात, ते आजीला चांगलं ठाऊक आहे! त्या अंगठ्याने नातंही आक्रसतं आणि भाषाही.

फोन फेकून द्या, असं मी कुणाला सांगणार नाही. चार गोष्टी मात्र जमण्यासारख्या आहेत. राग आला तर लिहू नका, फोन करा किंवा सरळ भेटायला जा. एकाला वगळून काढलेल्या ग्रुपमध्ये सामील होऊ नका. जिवलग मित्राशी ठरवूनच स्ट्रीक तोडा आणि कमाटीबागेत तासभर फिरून या. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये निळ्या टिका बंद करता येतात. त्या बंद केल्या की आपल्यालाही इतरांच्या दिसत नाहीत, हा त्यातला मोठाच फायदा. ग्रुपमध्ये मात्र ही सोय चालत नाही.

आणि आठवड्यातून एकदा आजीला फोन लावा, दहा मिनिटं, मराठीत. ती तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगेल. सांगू द्या.