ब्राउझरला कोलामी कुठून कळणार?

पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यातल्या एखाद्या शाळेने संकेतस्थळावर एक पान टाकलं असं समजा. वर मराठीत सूचना, मध्ये मुलांनी सांगितलेलं कोलामी गाणं, खाली गोंडीत दोन ओळी, आणि सगळं देवनागरीत. हे पान उघडताना त्यात कुठे कोणती भाषा आहे हे ब्राउझरला आपोआप समजतं, असं पान बनवणाऱ्यांपैकीही अनेकांना वाटतं. तसं काही होत नाही. ब्राउझरला फक्त अक्षरांचे युनिकोड क्रमांक दिसतात. भाषा सांगावी लागते, आणि ती पान लिहिणाऱ्यानेच सांगायची असते. एचटीएमएलमध्ये त्यासाठी ‘लँग’ नावाचा गुण आहे. मराठीला ‘एमआर’, हिंदीला ‘एचआय’, कोलामीला ‘केएफबी’, गोंडीला ‘जीओएन’, बंजाऱ्यांच्या गोरमाटीला ‘एलएमएन’ असे ठरलेले कोड त्यात टाकायचे. (प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत लिहितात, इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत.)

“पण क्रोम भाषांतराची पट्टी दाखवतो की! म्हणजे त्याला भाषा ओळखता येते.” येते, पण ते खातं वेगळं. भाषांतराची सोय मजकुराचा अंदाज घेते. पानाची सजावट ठरवणारं सीएसएस त्या अंदाजाकडे पाहतही नाही. सीएसएसमधला ‘लँग’ सिलेक्टर, म्हणजे अमुक भाषेच्या मजकुराला अमुक फॉन्ट, अमुक ओळींमधलं अंतर असा नियम लावणारी निवड, ही जाहीर केलेल्या भाषेवरच चालते. तयार नमुना उचलून केलेल्या पानांवर वरच्या ओळीत इंग्रजीचा ‘ईएन’ तसाच राहून गेलेला असतो. अशा पानावरचा अख्खा मराठी मजकूर ब्राउझरच्या लेखी इंग्रजीच.

“देवनागरी ती देवनागरी, हिंदी काय अन् मराठी काय?” हा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे, आणि त्याचं उत्तर डोळ्यांना दिसणारं आहे. मराठी शाळेत मूल पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवतं. राज्य सरकारने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मराठी वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढले, त्यांतही या वळणांचा आग्रह आहे. हिंदी छपाईत रुळलेला ल उभ्या दांड्याचा, श वेगळ्या डोक्याचा. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांचा ल एकाच क्रमांकाचा आहे. मग कोणतं वळण काढायचं हे ठरतं कसं? नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टच्या पोटात दोन्ही आकार असतात. ब्राउझर ‘लँग’मध्ये लिहिलेली भाषा अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रणेला कळवतो, आणि ‘एमआर’ दिसलं की फॉन्ट मराठी वळण पुढे करतो. त्यासाठी सीएसएसचा एकही नियम लागत नाही, पान मराठी आहे एवढं नीट लिहिलेलं असलं की झालं.

आता कोलामी गाण्याकडे या. तिथे ‘केएफबी’ लिहिलं, म्हणजे काम अगदी चोख झालं. पण बहुतेक फॉन्टांमध्ये कोलामीसाठी वेगळी नोंदच नसते. मग फॉन्ट आपलं मूळ वळण काढतो, आणि ते बऱ्याचदा हिंदी असतं. परिणाम असा की त्याच पानावर वरच्या सूचनेत पाकळीचा ल आणि खालच्या गाण्यात दांड्याचा. जे पोर शाळेत मराठी अक्षरं शिकतं त्याला घरच्या भाषेत ती परकी दिसायची. यावर “मग कोलामीलाही एमआरच लिहा ना” हा सल्ला हमखास मिळतो. तो देऊ नये. खोटी भाषा जाहीर केली की मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर कोलामी शब्द मराठी समजून उच्चारतं. खरी भाषा लिहायची आणि वळणापुरता सीएसएसचा नियम करायचा, की कोलामी, गोरमाटी आणि देवनागरीतली गोंडी या तिन्हींना मराठी वळणाचा फॉन्ट लाव. भाषेवर चालणारा सिलेक्टर इथे कामाला येतो.

जाता जाता: कोलामी ही मराठीची बोली, तिला वेगळा कोड कशाला, असं म्हणणारे याच पट्ट्यात भेटतात. कोलामी द्राविडी कुळातली भाषा आहे. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचं तिच्यावरचं व्याकरणाचं पुस्तक १९५५ मध्येच आलं. आणि कोडचंच म्हणाल तर आपल्या वऱ्हाडीलाही ‘व्हीएएच’ हा कोड आहे. ‘एमआर’साठी लिहिलेला नियम तो कोड लावलेल्या मजकुराला लागू होत नाही, कारण वऱ्हाडीचं आणि मराठीचं नातं ब्राउझरच्या गावीही नसतं. त्याला कोडची अक्षरं जुळवता येतात, बस.

‘लँग’ सिलेक्टर नवा नाही, तो १९९८ च्या सीएसएस २ मध्येच आला. एचटीएमएलमधला गुण थेट तपासणारा सिलेक्टर आणि हा, दोन्ही एकच, अशी समजूत आहे. गुण तपासणारा ज्या घटकावर कोड लिहिला आहे तेवढाच पकडतो. ‘लँग’ सिलेक्टर भाषेचा वारसा मानतो: पानाच्या माथ्यावर ‘एमआर’ लिहिलं असेल, तर आतला प्रत्येक परिच्छेद मराठी, जोवर मध्येच कुणी दुसरी भाषा जाहीर करत नाही.

‘लँग’ सिलेक्टरमध्ये सुधारणा झाली ती सीएसएस सिलेक्टर्सच्या प्रमाणाच्या चौथ्या पातळीत, आणि सफारीने ती २०१५ च्या सुमारास आधी उचलली. “सुधारणा म्हणजे चार नियमांऐवजी एक, टायपिंग वाचतं” हे अर्धंच खरं. स्वल्पविराम देऊन अनेक भाषा एका कंसात लिहिता येतात, ही झाली सोय. खरा फरक जुळवणीत आहे. जुनी पद्धत कोडची फक्त सुरुवात पाहायची. नियम ‘गोंडी-भारत’साठी असेल आणि मजकुरावर ‘गोंडी-देवनागरी-भारत’ लिहिलेलं असेल, तर जुळायचं नाही, कारण मध्ये लिपी आली. नवी पद्धत मधला तुकडा ओलांडून पुढे पाहते.

गोंडीसाठी ही चैन नव्हे, गरज आहे. गोंडी देवनागरीत लिहितात, तेलुगू लिपीत लिहितात. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांवरून नाव पडलेली गुंजाला गोंडी २०१८ मध्ये आली. भाषा एक, लिप्या चार, आणि प्रत्येकीला वेगळा फॉन्ट. नव्या सिलेक्टरमध्ये भाषेच्या जागी तारा (*) टाकून ‘कोणतीही भाषा, पण गुंजाला लिपी’ असा नियम लिहिता येतो. मात्र तारा असेल तर अख्खा कोड अवतरणात घालायचा, नाहीतर नियमच मोडतो.

तारा-देवनागरी लिहिलं की मराठी, हिंदी, कोलामी सगळं जाळ्यात येईल, असं मात्र धरून चालू नका. नुसत्या ‘एमआर’मध्ये देवनागरी गृहीत आहे हे आपल्याला ठाऊक, ब्राउझरला नाही. कोडमध्ये लिपी लिहिलेली असेल तरच ती जुळते. तसंच ‘जीओएन’ हा गोंडीच्या समूहाचा कोड. अहेरी आणि आदिलाबादकडच्या गोंडीला स्वतंत्र कोड आहेत, आणि ते समूहाच्या नियमात आपोआप येत नाहीत. ते नावानिशी यादीत घालावे लागतात.

कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर जशाच्या तसा पानावर चढवला असेल, तर यातलं काहीच लागू नाही. तिथे आत रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं सोंग देतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकीचं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या मोबाइलवरच्या ब्राउझरला नवी लिखावट समजली नाही, तर तो फक्त ती भाषा सोडत नाही, स्वल्पविरामाने जोडलेला अख्खा नियम टाकून देतो. म्हणून एकेका भाषेचे साधे नियम आधी वेगवेगळे लिहावेत, आणि ताऱ्याचा नियम त्यांच्याखाली, स्वतंत्र ठेवावा.