कान ठणकतो तेव्हा...

रात्रीचे दोन वाजले असतील. माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती. दोन दिवस सर्दी होतीच, आणि एकदम कान धरून ती रडायलाच लागली. सासूबाई उठल्या. पळीत तेल घेऊन लसणाच्या दोन पाकळ्या तांबूस होईपर्यंत तळल्या आणि कोमट झाल्यावर दोन थेंब कानात सोडले. थोड्या वेळाने लेक झोपली. आम्हीही निर्धास्त!

सकाळी पाहते तर उशीवर पिवळट डाग. डॉक्टर म्हणाले, "दुखणं तेलाने थांबलं नाही. कानाचा पडदा फुटून पू बाहेर आला, म्हणून ठणका गेला. अशा कानात तेल घालायचंच नाही."

नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक नळी असते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी, म्हणून सर्दी चटकन कानात उतरते. बाळाला आडवं ठेवून बाटलीने दूध पाजू नये, तेही याचसाठी.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा मुलगा शाळेत 'लक्ष देत नाही' म्हणून रोज बोलणी खायचा. त्याचा कान दोन वर्षं वाहत होता. घरी कधी तेल, कधी रुईच्या पानाचा रस चालू होता. तपासल्यावर कळलं, पोराला ऐकूच कमी येत होतं.

मग आजीबाईचा बटवा फेकून द्यायचा का? मुळीच नाही. तव्यावर सुती कापडाची घडी गरम करून, आधी आपल्या मनगटाला लावून बघून, कानाला बाहेरून शेक द्या. बरं वाटतं. मूल मोठं असेल तर उशी थोडी उंच द्या. कान वाहत असेल तर तो कोरडा ठेवा. अंघोळीपुरता व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवा. काडी, पिन मात्र कधीच घालू नका. कानामागे सूज, खूप ताप, चक्कर किंवा तोंड वाकडं झालं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. कान वारंवार वाहत असेल तर जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंना तेव्हा फार लागलं होतं. "मी काय मुद्दाम केलं का गं?" म्हणाल्या. मुद्दाम कसलं, मायेनेच केलेलं! पण पुढे शेजारीण विचारायला आली, की त्याच सांगायच्या, "शेक दे बाई, पण आत काही घालू नकोस."