पतिपत्नींचा विसावा

घरांतील पैसा कसा वांटावा याची चर्चा घरोघर होते. विसावा कसा वांटला जातो याची मात्र क्वचितच होते. कांहीं राष्ट्रांनीं दिवसाचीं मिनिटें टिपून तोहि हिशेब मांडला आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें २००९ सालीं १८ देशांचे असे हिशेब पडताळून पाहिले. नॉर्वेंत स्त्रीपुरुषांच्या फुरसतींत थोड्याच मिनिटांचें अंतर आढळलें. इटलींत पुरुषांस दररोज जवळजवळ ८० मिनिटें अधिक फुरसत होती.

आपल्या देशांतील २०१९ च्या राष्ट्रीय पाहणींत, घरकाम करणाऱ्या स्त्रीचीं त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें जात होतीं, व घरकाम करणाऱ्या पुरुषाचीं ९७. २०२४ सालीं हे आंकडे २८९ व ८८ झाले. वजाबाकी करून पाहावी : अंतर २०२ मिनिटांचें होतें, तें २०१ झालें. स्त्रीचा भार दहा मिनिटांनीं हलका झाला खरा, परंतु तो पुरुषानें उचलला असें या आंकड्यांवरून म्हणतां येत नाहीं.

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत, विशेषतः वसमतकडे, हळद काढण्याच्या दिवसांत नवराबायको दोघेंहि शेतांत राबतात. हळद खणणें, शिजविणें, उन्हांत वाळविणें, हीं कामें दोघांचीं. दिवस मावळला कीं घरधनी पारावर जाऊन बसतो; घरधनीण चुलीपाशीं. दिवसभराचे श्रम सारखे, पण एकाच्या कामाला शेवट आहे, दुसरीच्या नाहीं. शाळेंत मधल्या सुटीची घंटा होते म्हणून मुलांना सुटी मिळते. गृहिणीसाठीं अशी घंटा कोणी वाजवीत नाहीं.

शहरांतील घरांत जात्याची जागा यंत्रानें घेतली आहे. तथापि उद्यां काय शिजवावयाचें, कोणाचें औषध संपलें, ही काळजी यंत्राला वाहतां येत नाहीं. हातांत पुस्तक असलें तरी कान दुधाकडे असतील, तर त्या वेळेस फुरसत कसें म्हणावें ?

याच जिल्ह्यांतील नरसी हें संत नामदेवांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांच्या घरच्या जनाबाईला प्रत्यक्ष विठ्ठल दळूं लागत असे, ही कथा आपण भक्तिभावानें ऐकतों. देवाला ज्या कामांत कमीपणा वाटला नाहीं, त्यांत गृहस्थाला कां वाटावा ? रात्रीचीं भांडीं दोघांनीं मिळून आटोपलीं, तर काम लौकर उरकतें आणि उरलेला वेळ दोघांचा होतो. विसावा वांटून घ्यावयाचा, तर आधीं काम वांटून घ्यावें लागतें.