पाणकणीस लावा, पण लगाम हातात ठेवा

तळ्याच्या काठाने, ओढ्याच्या दलदलीत उंच हिरव्या पात्यांमधून तपकिरी, मखमली कणसे डोकावताना दिसतात. हेच पाणकणीस, काही भागांत त्याला रामबाण म्हणतात. शास्त्रीय नाव टायफा. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली, पाणकणीस मात्र इथलेच. घराजवळच्या छोट्या तळ्यात किंवा सांडपाण्याच्या वाफ्यात ते आता मुद्दाम लावले जाते. मात्र त्याचा स्वभाव ओळखूनच लावायला हवे.

चिखलात प्राणवायू जवळपास नसतो. पाणकणसाच्या पात्यांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून प्राणवायू खाली गड्ड्यापर्यंत पोहोचतो आणि थोडा मुळांभोवतीच्या चिखलातही झिरपतो. त्यावर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण कुजवतात. नायट्रोजन आणि फॉस्फरस वनस्पती शोषून घेते. जर्मनीत केटे झायडेल यांनी 1950 च्या दशकात अशाच पाणवनस्पतींवर प्रयोग केले. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेले ‘फायटोरिड’ तंत्रही याच तत्त्वावर चालते.

मात्र शोषलेले घटक बाहेर काढले नाहीत, तर पाने कुजून ते पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणून पाती हिरवी असतानाच, पाण्याच्या वर कापून तळ्याबाहेर न्यावीत. वाळू लागली की बरेचसे अन्न गड्ड्यात परत गेलेले असते.

दुसरा धोका पसरण्याचा. एका कणसात लाखाहून अधिक बिया असू शकतात आणि चिखलातले गड्डे आडवे धावतात. त्यांची टोकदार टोके तळ्यातला प्लास्टिकचा कागदही भेदतात. त्यामुळे छोट्या तळ्यात रोप भोक नसलेल्या, रुंद तोंडाच्या जाड कुंडीत चिकण माती भरून लावावे. मातीवर चार-पाच बोटे पाणी पुरते. कणीस फुटून कापूस उडण्याआधीच छाटावे.

वाढ हाताबाहेर गेलीच, तर तणनाशकाकडे धावू नये. पाती पाण्याखाली वीतभर कापावीत आणि वाळलेले दांडेही सोडू नयेत. गड्डा त्यांतूनही श्वास घेतो. कापलेली टोके काही आठवडे बुडालेली राहिली की गड्डा गुदमरतो. पाणी उथळ असेल, तर गड्डेच उपटावे लागतात.

आरोग्याच्या दृष्टीने दोन पथ्ये. दाट पाणकणसात मासे शिरू शकत नाहीत आणि डासांच्या अळ्यांना आडोसा मिळतो. म्हणून निम्मे तरी पाणी मोकळे ठेवावे. मोजके दांडे मात्र हवेतच, कारण त्यांवर चढूनच चतुराची पिल्ले कात टाकतात आणि पाण्यात असताना ती डासांच्या अळ्या खातात. दुसरे, कारखान्याच्या सांडपाण्यात वाढलेल्या पाणकणसात जड धातू साठतात. ते गुरांना घालू नये आणि त्याचे खत भाजीला वापरू नये.

तळ्याचा एक कोपरा पाणकणसाला पुरेसा आहे. वर्षातून एकदा कोयता हाती घेण्याची तयारी असेल, तरच तो द्यावा.