जुन्या ट्रकला नवी ओसरी

१९४७ साली शेवरोलेने अमेरिकेत ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेचे पिकअप ट्रक बाजारात आणले. त्यांच्या केबिनमध्ये एकच बाक. त्यावर जेमतेम तिघे बसत. बाकामागे जादा जागा असलेली केबिन डॉजने १९७३ मध्ये आणि फोर्डने १९७४ मध्ये दिली. त्यामुळे आजोबांचा ट्रक जपून त्यात नातवंडांनाही बसवू इच्छिणाऱ्या हौशी कारागिराला ती जागा घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच घडवावी लागते.

त्यासाठी तो त्याच जातीची दुसरी, भंगारातली केबिन मिळवतो. दारांच्या चौकटी हलू नयेत म्हणून आतून लोखंडी आधार जोडतो, कर्ण मोजतो आणि मगच पत्रा कापतो. मूळ केबिन दारांमागे कापून तिला दुसरीचा मागील भाग जोडला जातो. सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने पत्रा वाकतो. म्हणून अंतराअंतरावर ठिपके देत, पत्रा निवू देत सांधा पुरा करावा लागतो. वाढलेल्या केबिनसाठी चासी लांबवावी लागते किंवा मागचा हौदा आखूड करावा लागतो.

एकदा कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. श्रमांचे मोलही विक्रीत क्वचितच वसूल होते. तरीही वारसा कुलूपबंद न ठेवता घरच्या माणसांसाठी वापरात ठेवणे, हाच या व्यवहारातील खरा नफा होय.