स्लॅबची गच्छंती, कागदांची दिरंगाई

१० मार्च २०२४ च्या रविवारी लिनक्स कर्नलची ६.८ ही आवृत्ती बाहेर आली. नव्या सोयींची यादी नेहमीसारखी लांबलचक होती आणि बातम्या तिच्याच झाल्या. वजाबाकीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. त्या वजाबाकीत ‘एमएम’ विभागातली ‘स्लॅब.सी’ ही सुमारे चार हजार ओळींची फाइल होती. ती गेली, आणि तिच्या माथ्यावरची श्रेयनामावलीही तिच्याबरोबर गेली. त्या नामावलीत १५ मार्च २००५ अशी तारीख घातलेली एक नोंद होती. तीत चार नावं होती: शाई फुल्थाइम, शोभित दयाल, आलोक काटारिया आणि ख्रिस्तोफ लॅमीटर. मधल्या दोघांचे पत्ते कॅलसॉफ्टचे, म्हणजे पुण्यातून काम चालवणाऱ्या कंपनीचे. एकोणीस वर्षं पुरी व्हायला पाच दिवस कमी असताना पुण्याचा हा उल्लेख चालू कर्नलमधून पुसला गेला. महाराष्ट्रात कुणाला त्याची गंधवार्ताही नव्हती.

कामोठ्यातून सकाळची ट्रान्सहार्बर पकडून ऐरोलीला जाणाऱ्या कितीतरी जणांचं पोट लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर अवलंबून आहे. डेटा सेंटरंही आता महापे-रबाळ्यापुरती उरलेली नाहीत. योट्टाचं एनएम-१ तर २०२० मध्ये पनवेललाच आलं. पण सर्व्हरच्या पोटात मेमरी कोण वाटतं, हे विचारलं तर दहांतले नऊ जण कॉलेजात पाठ केलेलं उत्तर देतील. ते उत्तर दीड दशकापूर्वीच शिळं झालेलं असेल.

मुळात काम साधं आहे. कर्नलला मेमरी लागते ती चिल्लर मापात, आणि हार्डवेअरकडून मिळते ती ठोक मापात, म्हणजे साधारणपणे ४०९६ बाइटच्या पानात. फाइलचं नाव ध्यानात ठेवणारी ‘डेंट्री’ ही नोंद घ्या. नेहमीच्या ६४ बिटांच्या यंत्रावर कर्नलची ‘स्लॅबइन्फो’ ही यादी उघडली की डेंट्रीच्या ओळीत १९२, २१ आणि १ हे आकडे बहुधा शेजारीशेजारी दिसतात: नोंद १९२ बाइटची, एका गठ्ठ्यात अशा एकवीस, आणि गठ्ठा एका पानाचा. पान घ्यायचं, त्याचे एकाच मापाचे तुकडे पाडायचे, मागेल त्याला द्यायचे, परत आलेले लगेच पुन्हा वापरायला ठेवायचे. हे सेकंदाला लाखो वेळा करणारा कर्नलमधला कारभारी म्हणजे स्लॅब ॲलोकेटर.

त्याचा जन्म लिनक्समधला नव्हे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेफ बॉनविकनं सोलॅरिस २.४ साठी तो रचला आणि १९९४ मध्ये त्यावर निबंध वाचला. मार्क हेमंटनं १९९६-९७ मध्ये तो लिनक्ससाठी लिहिला, १९९९ च्या २.२ आवृत्तीबरोबर तो सगळीकडे पोचला. अँड्रिया आर्केंजेलीनं थोडी साफसफाई केली. मॅनफ्रेड स्प्रॉलनं २००० मध्ये प्रत्येक प्रोसेसरला तयार तुकड्यांची स्वतःची रांग दिली. एवढं सांगितलं की पहिला अंक संपतो.

खरा रंग चढला तो पुढच्या दशकात. पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स शिकलेली पोरं तेव्हा नोकरीला लागत होती. कामोठ्यात अजून इमारती उभ्या राहत होत्या, घरात डायलअपचा मोडेम किरकिरत असे आणि कर्नलचा नवा टारबॉल उतरवायचा म्हणजे रात्रीची निश्चिंती. पुण्यात मात्र व्हेरिटाससारख्या कंपन्यांमुळे फाइल सिस्टिम आणि स्टोरेजच्या खोल कामाला माणसं तयार होत होती. बँकेचा फॉर्म बनवून देणं म्हणजेच सॉफ्टवेअर, असं समजण्याच्या त्या काळात हे काम कुठल्या कुठे वेगळं होतं. त्याची ना जाहिरात होत असे, ना ते लग्नाच्या बाजारात कुणाला समजावून सांगता येई.

२००३ च्या डिसेंबरात २.६ कर्नल आला. त्याच वर्षी एएमडीच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरनं मेमरीचा ताबा थेट चिपमध्ये आणला. त्यामुळे दोन-चार प्रोसेसरांच्या साध्या सर्व्हरवरही ‘जवळची मेमरी’ आणि ‘लांबची मेमरी’ असा भेद पडला. यालाच नुमा म्हणतात. मोठ्या यंत्रांवर तर हा भेद जिवावर बेतणारा होता. नासाच्या एम्स केंद्रात २००४ मध्ये उभ्या राहिलेल्या कोलंबिया महासंगणकात एसजीआयच्या वीस अल्टिक्स यंत्रांत मिळून १०,२४० प्रोसेसर होते. स्लॅबला मात्र जवळ-लांब काही कळत नव्हतं. या टोकाच्या प्रोसेसरला तो त्या टोकाची मेमरी बिनदिक्कत देऊन मोकळा होई.

फुल्थाइम, दयाल, काटारिया आणि लॅमीटर यांनी नेमकं हेच दुरुस्त केलं. प्रत्येक नोडला, म्हणजे प्रोसेसर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांच्या गटाला, भरलेल्या, अर्धवट आणि रिकाम्या गठ्ठ्यांच्या स्वतःच्या याद्या दिल्या. नोडनं मागितलेली मेमरी त्याच नोडच्या याद्यांतून जायची, असा दंडक घातला. २००५ च्या ऑक्टोबरात २.६.१४ आवृत्तीतून हे काम जगभर गेलं. त्यानंतर नुमा यंत्रावर स्लॅबसह बांधलेला कर्नल जिथे जिथे चालला, तिथे पुण्याचाही हात होता. आयटीच्या यशोगाथांची पुस्तकं इथे ढिगानं निघाली, पण त्यांत निर्यातीचे कोटी मोजले जातात, असल्या ओळी नाहीत. हे दुखणं आजचं नाही.

आता त्या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका नोडवर घेतलेला तुकडा दुसऱ्या नोडवर परत आला, तर तो तात्पुरता ठेवायला ‘परक्या’ वस्तूंच्या रांगा लागत. प्रत्येक नोडवर, दुसऱ्या प्रत्येक नोडसाठी एक. नोड दुप्पट झाले की रांगा चौपट. हजाराच्या घरात प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर नुसत्या या रांगा सांभाळण्यात काही गिगाबाइट मेमरी अडकून पडू लागली. ते पाहून वैतागलेल्या लॅमीटरनं, म्हणजे त्या चौघांपैकीच एकानं, नवा ॲलोकेटर लिहायला घेतला. त्याचं नाव स्लब. २००७ च्या जुलैत तो २.६.२२ मध्ये दाखल झाला आणि ऑक्टोबरात, पुढच्याच आवृत्तीत, डिफॉल्ट होऊन बसला. पुण्याच्या कामाला मुख्य गादीवर मिळाली ती जेमतेम दोन वर्षं.

पण स्लॅब गेला नाही. डेटाबेसच्या काही चाचण्यांत स्लब मागे पडत होता. म्हणून रेड हॅटनं आपल्या सहाव्या एंटरप्राइझ आवृत्तीतही स्लॅबच ठेवला. त्यात मॅट मॅकॉलनं चिमुकल्या यंत्रांसाठी लिहिलेला, २००६ मध्ये कर्नलमध्ये आलेला स्लॉब होताच. एका कामाला तीन कारभारी झाले आणि कर्नल बांधताना ‘यांतला एक निवडा’ असा पर्याय आला. निवडीचं स्वातंत्र्य म्हणून त्याचं कौतुक करणारे तेव्हा पुष्कळ होते. नवी सोय आणायची तर ती दोनदा-तीनदा लिहावी लागे, हे निस्तरणारे मात्र मोजकेच.

इथून कागदांचा घोळ सुरू होतो. स्लबची छोटी वापरपुस्तिका लॅमीटरनं लिहिली, तिच्या तळाला ३० मे २००७ ही तारीख आहे. तिची सुरुवातच तुलनेनं होत असे: स्लबचं तत्त्व स्लॅबहून फार वेगळं, स्लॅबमध्ये सगळीकडची तपासणी चालू करायची तर कर्नल पुन्हा बांधावा लागतो, इथे ती सोय आतच आहे, फक्त बंद ठेवलेली. २००७ मध्ये ही सुरुवात अगदी रास्त होती, कारण वाचणाऱ्याला स्लॅबच माहीत होता. ६.८ नंतर तीच वाक्यं वाचणाऱ्या पोराला अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीच्या आधारानं अस्तित्वात असलेली गोष्ट समजून घ्यावी लागू लागली. त्या पुस्तिकेतल्या ‘स्लॅबइन्फो’ प्रोग्रामनंही किती बिऱ्हाडं बदलली! आधी कागदपत्रांच्याच फोल्डरात, मग ‘टूल्स/स्लब’, मग ‘टूल्स/व्हीएम’, शेवटी ‘टूल्स/एमएम’. दर स्थलांतरात पुस्तिकेतली कंपाइल करायची ओळ कुणीतरी आठवणीनं बदलावी लागे.

२००७ नंतरची पंधराएक वर्षं भराभर उलटली तरी चालेल. डागडुजी झाली, नवे प्रस्ताव आले आणि बारगळले, पुस्तकं होती तशीच शिकवली गेली. इथल्या क्लासांनी तर कहर केला. ‘कर्नल इंटर्नल्स’च्या नावाखाली हजारो रुपये घेऊन बोव्हे-चेझातींच्या कर्नलवरच्या पुस्तकाच्या २००५ सालच्या आवृत्तीच्या झेरॉक्स वाटल्या गेल्या. ते पुस्तक उत्तमच, पण ते २.६.११ वर बेतलेलं, म्हणजे दयाल-काटारियांच्या कामाच्याही आधीचं. मुलाखतीत प्रश्न ठरलेला: स्लॅबच्या तीन याद्या सांगा. भरलेली, अर्धवट, रिकामी असं म्हटलं की मान डोलायची. स्लब नेहमीच्या चालीत फक्त अर्धवट गठ्ठ्यांचीच यादी ठेवतो, हे प्रश्न विचारणाऱ्याच्याही गावी नसे.

आवराआवर सुरू झाली ती २०२२ च्या शेवटाला. सुसेच्या व्लास्टिमिल बाब्कानं ती नेटानं तडीस नेली. २०२३ च्या जूनमध्ये ६.४ मधून स्लॉब गेला, ऑगस्टमध्ये ६.५ मध्ये स्लॅबवर ‘कालबाह्य’चा शिक्का बसला आणि ६.८ मध्ये तोही गेला. कोड काढणं एका अर्थी सोपं, चुकलं तर कंपायलर बोंब मारतो. कागदात मेलेल्या माणसाचा पत्ता राहिला तर कुणीच ओरडत नाही.

आणि त्याचा फटका बसतो. स्लॉब होता तोवर एक नियम पाळावा लागे: खास कॅशमधून, म्हणजे एकाच प्रकारच्या तुकड्यांच्या राखीव साठ्यातून, घेतलेली वस्तू साध्या ‘केफ्री’ या फंक्शननं परत करायची नाही. कारण स्लॉबला तिचं माप कळत नसे. स्लॉब गेल्यावर ती अट उठली आणि मेमरी वाटपाच्या मार्गदर्शक कागदात तसं नोंदलंही गेलं. पण जुना कागद डोक्यात बसलेल्यांनी लिहिलेली, आता नुसती फेऱ्या मारणारी फंक्शनं ठिकठिकाणी पडून होती. ती हुडकून काढण्यात २०२४ मध्ये बराच वेळ गेला. मेमरीच्या चुका पकडणाऱ्या केसॅनच्या कागदांतही ‘स्लब आणि स्लॅब दोन्हींवर चालतं’ असा खुलासा वर्षानुवर्षं होता. बूटच्या वेळी द्यायचे ‘स्लब_’नं सुरू होणारे पर्याय ६.९ मध्ये ‘स्लॅब_’ झाले, जुनेही चालू ठेवले. म्हणजे राहिला तो स्लब, त्याच्या दारावर पाटी स्लॅबची. हे सारं कामोठेकराला समजावून सांगावं लागणार नाही. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली, तरी सेवा बरीच वर्षं सिडकोकडेच होत्या. महापालिकेनं त्याच तारखेपासूनचा मालमत्ता कर मागितला तेव्हा लोकांनी सिडकोच्या सेवाशुल्काच्या पावत्या पुढे केल्या.

लॅमीटरची पुस्तिका २०२५ मध्ये कर्नलच्या अंतर्गत कागदांतून उचलून सिस्टिम सांभाळणाऱ्यांच्या विभागात नेली. आता ती स्लॅब ॲलोकेटरची पुस्तिका म्हणवते आणि जुनी तुलना तीत नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं हे योग्यच झालं. ज्याला रात्री दोन वाजता सर्व्हरची मेमरी कुठे गळते हे शोधायचंय, त्याला २००७ चं भांडण ऐकवून काय फायदा?

पण सफाईची दुसरीही एक तऱ्हा याच कर्नलमध्ये आहे आणि ती अधिक सभ्य आहे. प्रोसेसर आणि मेमरी वाटून देणाऱ्या सीपीयूसेटच्या जुन्या कागदात ‘मेमरी स्प्रेड स्लॅब’ नावाचा पर्याय आहे. स्लॅबच्या वस्तू नुमाच्या अनेक नोडांवर पसरून ठेवायला तो होता. स्लबनं तो कधी राबवलाच नाही. स्लॅब गेल्यावर त्याला काहीच काम उरलं नाही. तिथे नोंद काढून न टाकता सरळ लिहिलंय की हा पर्याय कालबाह्य आहे, यानं काही होत नाही. कुणी तो वापरून पाहिला आणि फरक पडला नाही, तर कारण तिथेच सापडतं. असं एखाददुसरं वाक्य ‘स्लॅब.सी’च्या वाट्याला, कागदांच्या एखाद्या इतिहासवजा कोपऱ्यात, यायला काय हरकत होती? गिटमध्ये सगळं जपलेलं आहे, हे उत्तर ठरलेलं. काय शोधायचं हे ठाऊक असलेल्यालाच गिट उपयोगी पडतं.

ही तक्रार नुसत्या हळहळीपोटी नाही. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या ६.१८ आवृत्तीत बाब्कानंच स्लबमध्ये ‘शीव्ह’ आणले: प्रत्येक प्रोसेसरला तयार तुकड्यांची स्वतःची जुडी. सुरुवात प्रोसेसच्या मेमरीचे पट्टे आणि मेपल ट्री यांच्या कॅशपासून झाली. ही कल्पना स्प्रॉलनं २००० मध्ये स्लॅबला दिलेल्या रांगांची जवळची नातलग आहे. फरक मुख्यतः एकच, परक्या नोडांच्या रांगा इथे मुद्दाम टाळल्यात. त्या का टाळल्या, हे २००५ च्या त्या नोंदीनं काय मिळवलं आणि काय महागात पडलं ते वाचल्याशिवाय कळत नाही. ऐरोलीच्या गाडीत बसून ६.१८ चा कोड चाळणाऱ्या पंचविशीतल्या अभियंत्याला चालू कागदांत तो धागा मिळत नाही. त्याला ६.७ किंवा त्याआधीचा एखादा कर्नल उतरवून ‘स्लॅब.सी’च्या पहिल्या शंभर-दीडशे ओळी वाचाव्या लागतील.