फुल फॉरवर्डच्या जागेवर डुक्कर!

सचिनने २००४मध्ये नाबाद २४१ धावा ठोकल्या ते सिडनी क्रिकेट ग्राउंड आपल्या ओळखीचं. १९९३मध्ये तिथे फुटबॉलचा सामना ऐन रंगात असताना कुणा महाभागाने चक्क एक डुक्कर सोडलं! अंगावर ‘प्लगर’ हे नाव आणि ४ हा आकडा रंगवलेला. टोमणा होता मेलबर्नच्या सेंट किल्डा क्लबचा फुल फॉरवर्ड, म्हणजे गोलसमोरचा मुख्य आक्रमक, टोनी लॉकेट याला. ४ नंबरची जर्सी त्याची, बापाकडून वारशाने आलेलं टोपणनाव त्याचं आणि शंभर किलोंच्या वरचा देहही त्याचाच.

खेळ ऑस्ट्रेलियन रूल्सचा. अंडाकृती मैदान, लांबुडका चेंडू, एकेका बाजूला १८ गडी आणि गोलला चार खांब. मधल्या खांबांतून चेंडू मारला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तरी एक. नेम चुकला तरी पदरात काहीतरी टाकणारा असा दिलदार खेळ विरळाच.

बॅलरटच्या या पोराने १९८३मध्ये पदार्पण केलं. १९८७मध्ये सर्वाधिक गोलांचं कोलमन पदक आणि ब्राउनलो पदक त्याने एकाच हंगामात पटकावलं. ब्राउनलो विभागून मिळालं, हॉथॉर्नच्या जॉन प्लॅटनबरोबर. गंमत अशी की ब्राउनलो सर्वोत्तम आणि सर्वांत सभ्य खेळाडूला देतात, आणि लॉकेटची ख्याती काही सभ्यतेची नव्हती!

१९९१मध्ये दुखापतीमुळे सुरुवातीचे सामने हुकले. परतल्यावर पहिल्याच दिवशी १२ गोल, आणि हंगामाअखेर १७ सामन्यांत १२७.

१९९४चा सिडनी स्वान्सविरुद्धचा सामना तर अस्सल लॉकेट. त्याने ११ गोल मारले, सेंट किल्डा एका गुणाने जिंकलं आणि सिडनीच्या पीटर केव्हनचं नाक त्याच्या धडकेत फुटलं. शिक्षा आठ सामन्यांची बंदी. पुढच्याच वर्षी साहेब दाखल कुठे झाले? सिडनी स्वान्समध्ये! केव्हन आता संघसहकारी. त्या ड्रेसिंग रूममधला पहिला दिवस बघायला मिळायला हवा होता.

डुक्कर सोडणाऱ्या शहराने मग त्याला डोक्यावर घेतलं. १९९६च्या उपांत्य लढतीत एसेंडनशी बरोबरी, वेळ संपल्याचा भोंगा वाजलेला आणि चेंडू लॉकेटकडे. जांघेच्या दुखण्याने बेजार असताना त्याने लांबून लाथ हाणली. गोल हुकला, पण तो दिलदार एक गुण मिळाला आणि ७०-६९ असा निकाल लागला! १९४५नंतर क्लब प्रथमच अंतिम सामन्यात. तिथे लॉकेटने सहा गोल केले, तरी विजेतेपद नॉर्थ मेलबर्नने नेलं. ते त्याला कधीच मिळालं नाही.

६ जून १९९९. कॉलिंगवुडच्या गॉर्डन कॉव्हेंट्रीचा १२९९ गोलांचा विक्रम १९३७पासून अढळ होता. लॉकेटने १३००वा गोल मारला तोही कॉलिंगवुडविरुद्धच, त्याच सिडनी ग्राउंडवर. हजारो प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात. खेळ थांबला, कुणाला घाई होती?

त्या हंगामानंतर निवृत्ती. पत्रकारांना कायम चार हात लांब ठेवणारा हा गडी ग्रेहाउंड कुत्र्यांत रमला. पण २००२मध्ये खाज उठलीच. तीन सामने, तीन गोल, आणि एकूण आकडा १३५७वरून १३६०वर.